ब्रिटनमधील पटेल : एका आडनावाचा उगम आणि विस्तार

टांगानिकातील लिंडी गावी जन्मलेले प्रसूतिशास्त्रज्ञ डॉ. नरेन पटेल यांना १९९९ साली ब्रिटनच्या उमराव सभेत आजीव सरदारकी मिळाली, तेव्हा नुसते 'लॉर्ड पटेल' एवढे बिरुद त्यांना पुरेसे झाले, कारण त्या सभागृहात तोवर त्या नावाचा दुसरा कोणी सरदार नव्हता. पुढच्याच वर्षी गुजरातेतून लँकेशायरमध्ये जाऊन स्थायिक झालेले ॲडम पटेल सरदार झाले आणि पहिल्या पटेलांपासून निराळे ओळखता यावे म्हणून त्यांना 'ब्लॅकबर्नचे लॉर्ड पटेल' म्हणावे लागले. २००६ साली कमलेश पटेल आले ते 'ब्रॅडफर्डचे लॉर्ड पटेल' होऊन. यांतील ॲडम पटेल हे मुसलमान, दुसरे दोघे हिंदू. एकाची वाट पूर्व आफ्रिकेतून स्कॉटलंडला गेलेली, दुसऱ्याची थेट हिंदुस्थानातून लँकेशायरच्या गिरणगावात. आडनाव तेवढे तिघांचे एक.

या तीन सरदारक्यांत एका मोठ्या प्रश्नाचे सारे धागे आलेले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी ब्रिटनमधील आडनावांच्या ज्या गणना झाल्या, त्यांत पटेल हे आडनाव साऱ्या देशात चोविसाव्या क्रमांकाच्या आसपास आढळले, लंडन महानगरात तर ते पहिल्या काही नावांत जाऊन बसले आणि ते धारण करणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली. १८८१ च्या ब्रिटिश खानेसुमारीत हेच नाव जवळजवळ नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील भूगोलज्ञांनी १८८१ ची खानेसुमारी आणि १९९८ च्या मतदारयाद्या शेजारी शेजारी ठेवून आडनावांचे जे नकाशे सिद्ध केले, त्यांत इंग्रजी कुळनावे बहुधा शंभर वर्षांनंतरही आपापल्या परगण्यांना चिकटून राहिलेली दिसतात. पटेलांचा पहिला नकाशा मात्र रिकामा आणि दुसरा काही विवक्षित जागी गडद आहे. ते डाग तिथेच का पडले, आणि एकाच रंगाने रंगवलेले ते सारे लोक खरोखर एकच आहेत काय, हे दोन प्रश्न या लेखापुढे आहेत. दुसऱ्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो : ते एक नाहीत. पटेल हे मुळात कुळाचे नाव नसून हुद्द्याचे नाव आहे, आणि हुद्द्याचे नाव एकाच कुळात राहत नाही.

हा हुद्दा मराठी वाचकाला परका नाही. माळव्याच्या परमार राजांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावातील ज्या लोकांना उद्देशून आज्ञा लिहिलेली असते, त्यांत 'पट्टकिल' हा ग्रामाधिकारी येतो. त्याच शब्दाची परंपरा मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल अशी उतरली. मुंबई इलाख्याच्या इंग्रजी कायद्यांत तर मराठी मुलुखातील पाटलालाही 'पटेल' असेच लिहिण्याची वहिवाट होती, आणि पाटीलकीचे वंशपरंपरेचे अधिकार संपवणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६२ सालच्या कायद्याच्या इंग्रजी नावातही हा 'पटेल' कायम आहे. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणे, गावाची जामीनकी घेणे, तंटे तोडणे आणि परमुलखातून आलेल्या अंमलदाराची व्यवस्था पाहणे ही दोघांचीही कामे होती. इंग्लंडातही गावच्या अशाच कारभाऱ्याला 'रीव्ह' म्हणत आणि त्यावरून 'रीव्ह', 'रीव्हज' ही आडनावे निघाली. परंतु ती तिकडे तुरळक राहिली, आणि इकडे पटेल एवढे उदंड झाले. हा भेद का पडला?

त्याचे कारण चरोतरच्या जमाबंदीत सापडते. चरोतर म्हणजे मही आणि साबरमती या नद्यांच्या दरम्यानचा, जुन्या खेडा जिल्ह्याचा सुपीक गाभा. या मुलुखातील पुष्कळ गावे नरवादारी पद्धतीची होती. तीत सरकार एकेका कुळाशी हिशेब न ठेवता साऱ्या गावावर मिळून एक रक्कम ठरवी, मूळ वसाहतदारांचे वंशज ती आपापल्या हिश्श्याप्रमाणे वाटून घेत आणि एकाने हात वर केले तर इतरांना त्याची भर करावी लागे. हा हिस्सा म्हणजे 'पाटी', आणि तो धारण करणारा 'पाटीदार'. महाराष्ट्रात पाटीलकीचे वतन बहुधा गावातील एका घराण्याकडे आणि त्याच्या भाऊबंदांकडे राहिले. चरोतरात गावाच्या साऱ्याची जोखीम ज्या ज्या हिस्सेदाराने उचलली तो प्रत्येक जण पटेल म्हणवून घेण्यास पात्र ठरला. पुढे शेती कसणाऱ्या सबंध कणबी समाजाने, त्याच्या लेवा आणि कडवा या दोन्ही शाखांनी, हे प्रतिष्ठेचे नाव उचलले आणि 'कणबी' ही जुनी ओळख मागे सारून 'पाटीदार' ही संज्ञा धारण केली. १९३१ च्या खानेसुमारीच्या सुमारास ती सरकारी दप्तरातही रुजली. डेव्हिड पोकॉक या मानवशास्त्रज्ञाने 'कणबी अँड पाटीदार' या आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराचा मोठ्या मेहनतीने मागोवा घेतला आहे. आपल्याकडे खानदेशातील लेवा पाटीदार, ज्या समाजात बहिणाबाई चौधरी जन्मल्या, आपली मुळे गुजरातेत सांगतात. पण त्यांच्यात पाटील, चौधरी, महाजन अशी नाना आडनावे नांदतात, तसे एकाच नावाचे राज्य तेथे झाले नाही.

पाटीदारांचा एवढा विस्तार सांगूनही पटेलांचा हिशेब पुरा होत नाही. भडोच आणि सुरत या जिल्ह्यांतील सुन्नी व्होरा मुसलमानांत पटेल हे आडनाव अतिशय रूढ आहे, कारण तेही जमीनदार शेतकरी आणि कित्येक गावांचे मुखी होते. नवसारीकडच्या कोळी समाजातील मंधाता म्हणवणारे लोकही पटेल लावतात. मुंबईच्या पारशांतील एका जुन्या घराण्याला ही पदवी सतराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली, जेव्हा सिद्दीच्या स्वारीच्या वेळी रुस्तम दोराबजी याने मुंबईच्या कोळ्यांना हाताशी धरून बेट राखले. उलट, चरोतरच्या पाटीदारांतील कित्येक घराणी देसाई आणि अमीन ही आडनावे लावतात आणि तीही हुद्द्यांचीच नावे आहेत. तेव्हा सगळे पटेल पाटीदार नव्हेत आणि सगळे पाटीदार पटेल नव्हेत. आडनावांच्या तक्त्यावरून समाजांची मोजदाद करू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हे वाक्य आपल्या मेजावर लिहून ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

आडनाव एक असल्याने होणाऱ्या घोटाळ्याचे एक उदाहरण तर आपल्या राष्ट्राच्या इतिहासाला परिचित आहे. करमसदचे वल्लभभाई झवेरभाई पटेल यांनी वकिलीतून पैसा जमवून बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेची तयारी केली. प्रवासाचे कागद 'व्ही. जे. पटेल' या नावाने आले आणि ते थोरले बंधू विठ्ठलभाई यांच्या हाती पडले. त्यांचीही आद्याक्षरे तीच! वडील भावाआधी धाकटा विलायतेस जावा हे लोकांत शोभणार नाही असे विठ्ठलभाईंचे म्हणणे पडले, वल्लभभाईंनी ते मानले आणि त्याच कागदांवर १९०५ साली विठ्ठलभाई गेले. वल्लभभाईंना १९१० ची वाट पाहावी लागली. मात्र बॅरिस्टरीसाठी जाणारे हे पटेल परत येण्यासाठी जात. ब्रिटनमध्ये जे पटेल राहिले ते या वाटेने गेले नाहीत.

त्यांची वाट आफ्रिकेवरून गेली. १८९६ साली मोंबासापासून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. या कामासाठी सुमारे ३२,००० हिंदी मजूर करारावर नेले गेले, पण ते बहुतांशी पंजाबचे होते, आणि पटेल हे त्या मजुरांचे वंशज होत हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. पटेल गेले ते रेल्वेच्या मागोमाग : स्टेशनांवर आणि कचेऱ्यांत कारकून म्हणून, आणि आतल्या मुलुखात 'दुका' म्हणजे किराण्याची दुकाने थाटून. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनियो' दुष्काळ गुजरातेत अजूनही त्या नावाने स्मरला जातो. त्याने आणि पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेलेल्या हिश्श्यांनी चरोतरच्या तरुणाला घराबाहेर ढकलले. आणखी एका कारणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सोजित्रा, भादरण ही पाटीदारांची मोठी गावे पेटलाद भागातील, म्हणजे बडोदे संस्थानातील, आणि सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. परदेशात कारकुनी करायला लिहिता-वाचता येणारा तरुण लागतो, आणि तो पुरवण्यात एका मराठी राजाच्या दूरदृष्टीचा वाटा होता, असे माझे मत आहे. पुढे याच मंडळींनी युगांडात कापसाचे जिन काढले, केनियात घाऊक व्यापार उभारला, आणि कच्छच्या भुज परिसरातून गेलेल्या लेवा पटेलांनी नैरोबीची इमारतकामे हाती घेतली.

ब्रिटनकडे जाणारा दरवाजा उघडला तो कायद्याने. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यान्वये वसाहतींतील रहिवासीही 'युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक' ठरले होते. टांगानिका १९६१ मध्ये, युगांडा १९६२ मध्ये आणि केनिया १९६३ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाले. केनियाने नवे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली, पण बहुसंख्य गुजरात्यांनी ब्रिटिश पारपत्रच जवळ ठेवले. १९६७ साली व्यापाराच्या परवान्यांवर आणि वास्तव्यावर निर्बंध येताच नैरोबीच्या विमानतळावर रांगा लागल्या, आणि ब्रिटनच्या पार्लमेंटाने १९६८ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत विधेयक संमत करून आपल्याच पारपत्रधारकांना अटकाव केला. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरतीच परवानगी ठेवली. हा कायदा ब्रिटिश न्यायबुद्धीला लांच्छन होता असेच म्हटले पाहिजे. युरोपीय मानवी हक्क आयोगानेही १९७३ मध्ये या वागणुकीत वर्णभेदाची मानहानी असल्याचा निष्कर्ष नोंदवला.

मग ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा लष्करशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडण्याचे फर्मान काढले. मुदत ८ नोव्हेंबरला संपत होती. पन्नास पौंडांच्या आसपास रक्कम आणि हाती धरता येईल तेवढे सामान घेऊन सुमारे २८,००० माणसे ब्रिटनला पोहोचली. पहिले विमान १८ सप्टेंबरला स्टॅन्स्टेडला उतरले. सफोकमधील स्ट्रॅडिशॉल, बर्कशायरमधील ग्रीनहॅम कॉमन, वेल्सच्या किनाऱ्यावरील टॉनफनाऊ अशा जुन्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली. सरकारी मंडळाने देशाचे 'लाल' आणि 'हिरवे' असे भाग पाडून, जेथे आशियाई आधीच पुष्कळ आहेत त्या लाल भागांत जाऊ नका, असा सल्ला दिला. लेस्टरच्या नगरपालिकेने तर सप्टेंबरातच 'युगांडा आर्गस' या पत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, येऊ नका, असे बजावले. पण ज्या परक्या मुलखात कोणी ओळखीचे नाही तिथे माणूस ज्या गावाचे नाव ऐकतो त्याच गावाला जातो. लोक लेस्टरलाच गेले, कारण तिथे होजिअरीच्या कारखान्यांत काम होते, बेलग्रेव्ह भागात स्वस्त घरे होती आणि एखादा काका-मामा आधी आलेला होता. त्या बेलग्रेव्ह रोडला आज 'गोल्डन माईल' म्हणतात, आणि २०२१ च्या खानेसुमारीत शहराच्या लोकसंख्येचा ३४.३ टक्के भाग हिंदी वंशाचा नोंदला गेला आहे.

आता नकाशातील डाग वाचता येतात. लंडनच्या वायव्येस वेम्ब्ली, किंग्जबरी, केंटन, हॅरो या पट्ट्यात केनिया आणि युगांडातून आलेले चरोतरी आहेत; त्यांच्या शेजारीच माधापर, बळदिया अशा गावांचे कच्छी लेवा पटेल आहेत, ज्यांच्यात हिराणी, वरसाणी, वेकरिया, पिंडोरिया ही शाखानामेही आडनाव म्हणून चालतात. निस्डनचे संगमरवरी स्वामिनारायण मंदिर १९९५ साली उभे राहिले ते याच पट्ट्यात. लँकेशायर आणि यॉर्कशायरमधील ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन, बॅटली, ड्यूजबरी येथील पटेलांचा मात्र आफ्रिकेशी संबंध थोडा. ते बहुतांशी भडोच-सुरतेकडचे मुसलमान असून पन्नास-साठच्या दशकांत सूतगिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे हवी होती म्हणून थेट गावाहून आले. गिरण्या बंद पडल्या तरी मशिदी, मदरसे आणि नाती तिथेच राहिली. म्हणजे हॅरोचा पटेल आणि ब्लॅकबर्नचा पटेल यांच्यात धर्म, गाव, प्रवासाची वाट, येण्याचे साल, आल्यावर मिळालेले काम, यांपैकी काहीच समान असेल असे नाही. वेल्स, स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंड या भागांत हा रंग फिकट आहे.

फिकट आहे, परंतु कोरा नाही, आणि त्याचे श्रेय दुकानाला आहे. पन्नास मैलांत दुसरे हिंदी कुटुंब नाही अशा खेडवजा गावातही वर्तमानपत्रे, तंबाखू आणि मिठाई विकणारा पटेल आढळे. नोकरीत कातडीच्या रंगाची आडकाठी, भांडवल तुटपुंजे, आणि इंग्रज दुकानदारांची मुले त्या कष्टाला कंटाळलेली, अशा वेळी दुकान आणि वर राहायची जागा एकत्र मिळणारा हा धंदा आफ्रिकेत दुका चालवलेल्या कुटुंबाला साधला. पहाटे साडेचार-पाचला व्हॅन दाराशी गठ्ठे टाकून जाई. ते उचलून आत आणायचे, पट्ट्या कापायच्या, प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घराचा क्रमांक घालायचा, पोरांच्या पिशव्या भरून त्यांना सायकलींवर रवाना करायचे, आणि मग रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर उभे राहायचे. रविवार सुटत नसे, नाताळचाही अर्धा दिवस जाई. काचा फुटल्या, शिव्या ऐकल्या, तरी दुकान उघडे राहिले. या कष्टांची इंग्रज समाजाने पुढे थट्टाही केली आणि स्तुतीही. थट्टा हीन होती, आणि ही स्तुती करणाऱ्यांना रात्री पडवीत बसून हिशेब लिहिणाऱ्या बाईची आठवण क्वचितच झाली. दुकानात सामावल्या नाहीत त्या बायका कारखान्यांत गेल्या. १९७६ ते ७८ या काळात विल्सडनच्या ग्रनविक फोटो-प्रक्रिया कारखान्यातील संपाचे नेतृत्व करणाऱ्या जयाबेन देसाई मूळच्या चरोतरातील धर्मजच्या. पटेलांच्या गणनेत त्या येणार नाहीत, पण या इतिहासातून त्यांना वगळणे अशक्य आहे.

मुलांनी दुकान घेतले नाही. ती औषधविक्रेते, दंतवैद्य, डॉक्टर, हिशेबतपासनीस झाली आणि वेम्ब्लीतून पिनर, नॉर्थवुड आणि हर्टफर्डशायरकडे सरकली. युगांडातून आलेल्या दुकानदार आईबापांची मुलगी प्रीती पटेल २०१९ ते २०२२ या काळात गृहमंत्री होती.

एवढे विखुरले तरी नाव का ओसरले नाही? यात दोन गोष्टी येतात. पहिली लिपीची. चौधरी, मुखर्जी, हुसेन ही नावे रोमन लिपीत अनेक रूपांनी लिहिली जातात आणि गणनेत फुटतात. पटेल बहुतेक सर्वत्र एकाच वर्णक्रमाने लिहिले जाते, म्हणून त्याचा क्रमांक वर राहतो. दुसरी विवाहाची. चरोतरात एकाच आडनावात लग्न निषिद्ध नाही, निषिद्ध आहे ते एका गावात. म्हणून नडियाद, वसो, करमसद, धर्मज, सोजित्रा, भादरण या 'छ गाम'चा एक गोळ, आणखी पाच गावांचा एक, सत्तावीस गावांचा एक, अशी आपसांत लग्ने करणाऱ्या गावांची वर्तुळे पडली. हे गोळ लंडनलाही गेले, तिथे त्यांचे समाज स्थापन झाले आणि त्यांनी कुटुंबांच्या सूची छापल्या. पटेलाची मुलगी पटेलाच्या घरी जाई, तिचे नाव बदलत नसे, आणि दोन पटेल भेटले की पहिला प्रश्न गावाचा असे. इंग्रजी दप्तराला जिथे शेकडो 'जे. पटेल' सारखेच दिसतात तिथे या लोकांना एकही सारखा दिसत नाही. आता गोळाबाहेर, जातीबाहेर, धर्माबाहेर लग्ने होतात, आणि भादरण कुठे आहे हे नातवाला सांगता येत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये गुजराती ही मुख्य भाषा म्हणून नोंदवणारे २०११ साली सुमारे २,१३,००० होते, २०२१ साली ते १,८९,००० वर आले. आडनाव टिकेल, त्याच्याखालची गावे, वाटा आणि हुद्दे विसरले जातील, आणि मग नकाशावर एकाच रंगाचे लाखभर लोक उरतील. ते टाळायचे असेल तर समाजांच्या जुन्या सूची, दुकानांच्या वह्या, नैरोबी-कंपालाच्या पेढ्यांचे कागद आणि १९७२ च्या छावण्यांतील दाखले ज्या घरांत आजही पेटीत पडून आहेत, त्या घरांनी ते आपल्या परगण्याच्या अभिलेखागारात द्यावेत, आणि प्रत्येक कागदाबरोबर गावाचे नाव लिहून द्यावे. पहिल्या पिढीतील माणसे हयात आहेत तोवर हे काम झाले पाहिजे.